सरांच्या वजनाएवढ्या वह्या

मी चरबी बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सदऱ्याआड माझी एखादी बहीण मांडी घालून बसलेली आहे आणि तिलाही माझ्याइतकंच बोलायचं असतं. तिला कुणी विचारत नाही, एवढंच.

मी राहते इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या ज्ञानदेव सरांच्या पोटात. चिमटीत धरता येते ती मी नव्हे. ती कातडीखालची, स्वभावानं गरीब. मी तिच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती बसते. घरातली आतल्या खोलीतली कारभारीण म्हणा ना!

लोक मला आळशी समजतात. "बसून बसून चरबी चढली," असं म्हणताना त्यांना वाटतं, मीही बसूनच असते. अहो, त्या अख्ख्या देहात माझ्याएवढी बेचैन दुसरी कुणी नाही. मी सारखी निरोप धाडत असते. रक्ताच्या वाटेनं मेंदूला, यकृताला, नसांना, काळजाला. काळीज तर माझ्याशी बोलतही नाही, त्याला बिचाऱ्याला वेळच नसतो. पण माझे निरोप त्यालाही पोचतात, आणि सरांच्या जिवावर जे बेतलं ते त्या निरोपांमुळंच बेतलं. तेच सांगायचंय. मला राहवत नाही म्हणून सांगतेय.

सरांच्या अंगावर मी फार उशिरा आले. त्यांच्या घराण्यात माझी कुणाशी ओळखच नव्हती. वडील म्हस्कू म्हणजे नुसती हाडं आणि त्यांवर ताणलेली कातडी. बहात्तरच्या दुष्काळात सर शिकून नोकरीची वाट बघत होते आणि तोवर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. पुतळाबाई, त्यांची बायको, तेव्हा नवी नवरी होती. ती डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायची. कामावर सरकारी खाऊ म्हणून सुकडी मिळायची, ती दोघं एका फडक्यात घेऊन खायची. तेव्हा मी कितीशी असणार? जी काही होते तीही त्या उन्हाळ्यात जळून गेले. माझी तक्रार नाही. ते माझं कामच आहे. पण तेव्हापासून मला एक धास्ती बसली. पुन्हा असा उन्हाळा आला तर? मग मी ठरवलं, दिसेल तो दाणा साठवायचा.

पुढं सरांना कळंबच्या हायस्कुलात नोकरी लागली. घरात दर महिन्याला पगार येऊ लागला, दूधदुभतं आलं, रविवारी मटण शिजू लागलं. मी हळूहळू हातपाय पसरले. सरांची आई साखरबाई भारी खूश झाली. "माझ्या लेकाचं अंग भरलं," म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्या घरात अंग भरणं ही साधी गोष्ट नव्हती. म्हस्कूंच्या बरगड्या अख्ख्या गावानं पाहिल्या होत्या. आता त्यांचा मुलगा इस्त्रीचा सफारी घालून भर चावडीवरून जायचा, पोटावरची बटणं ताणलेली असायची आणि साखरबाई दारात उभी राहून त्याला दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. मी त्या घराची अब्रू होते. चरबीला असा मान मिळालेला तुम्ही कुठं ऐकलाय?

सरांनी इंदापुरात मुलींचं एक वसतिगृह काढलं. वाड्यावस्त्यांवरच्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या, त्यांच्यासाठी. त्यापायी सर गावोगाव हिंडायचे आणि आईबापांच्या मनधरण्या करायचे. जाल त्या घरी चहा ठरलेला. आता यातली गोम ऐका. लहानपणी यातल्या कित्येक घरांत सरांना पाणी हवं असलं तर अंगणात बसून ओंजळ धरावी लागायची आणि घरातलं माणूस वरून धार सोडायचं. त्याच घरांत आता खुर्ची पुढं यायची आणि घरच्या कपबशीतून चहा यायचा. तो नको कसा म्हणायचा? सरांनी आयुष्यात एकाही घरचा चहा नाकारला नाही. एका वस्तीवर सहा घरं असली तर सहा चहा.

आणि चहा तरी कसला! कळंबचे दत्तोबा ऊस बागायतदार. त्यांची मुलगी वसतिगृहात पहिल्याच वर्षी आली, तेव्हापासून सरांवर त्यांचा फार जीव. ते स्वतः उठून कपात साखर घालायचे. "गुरुजी, आपल्याच उसाची साखर हाय. हितं हात आखडायचा न्हाय!" मग चमचा कपात उभा राहायचा, सर फुरके मारत प्यायचे आणि आत मी पदर पसरून उभी असायची.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं होतं. माझा सगळ्यात महत्त्वाचा निरोप मेंदूला जायचा. 'कोठार भरलं, आता हात आवर,' असा. सुरुवातीला मेंदू ऐकायचा आणि सर ताटावरून उठायचे. पण मी वाढत गेले तसे निरोपही वाढत गेले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, माझं आपलं चालूच. साखर कारखान्याला लागून राहणाऱ्यांना जसा भोंगा ऐकू येईनासा होतो, तसं मेंदूचं झालं. मी आत ओरडतेय आणि सर बाहेर तिसऱ्या भाकरीवर तूप वाढून घेतायत!

दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती मला अजून टोचते. माझ्याकडं एक गुणी निरोप होता. तो नसांच्या भिंती निरोगी ठेवायचा, रक्तातली साखर ताळ्यावर आणायचा. मी वाढले तर तोही वाढायला हवा होता की नाही? झालं उलटंच. मी फुगत गेले आणि तो आटत गेला. त्याच्या जागी भांडखोर निरोप सुटायला लागले. खच्चून भरलेल्या वडापच्या जीपमध्ये माणसं कशी विनाकारण एकमेकांवर खेकसतात, तशी माझ्या दाटीवाटीतली एकेक पेशी चिडलेली. कुणी नसांना सांगतंय, आवळा. कुणी रक्ताला सांगतंय, गोठ. नसांच्या भिंती आतून सुजायला लागल्या, त्यांना चिकटा धरायला लागला. काळजाच्या नसा तर मुळातच बारीक. मला सगळं दिसत होतं आणि मलाच ते थांबवता येत नव्हतं. त्या दिवसांत मी किती तळमळले ते कुणाला सांगू?

शहाण्णवच्या दिवाळीत सरांची मुलगी अंजली सुट्टीवर आली. ती सोलापूरला डॉक्टरकी शिकत होती. आल्या आल्या तिनं रक्तदाबाचं यंत्र काढलं, बापाच्या दंडाला पट्टा बांधला आणि तिचं तोंड उतरलं. मग शिवणाच्या डब्यातली टेप आणून पोटाभोवती गुंडाळली. टेप बेंबीवर टेकली तशी मी अंग चोरून बसले.

"पप्पा, हे पोट कमी करायलाच पायजे," ती म्हणाली.

"अगं, खात्यापित्या घरचा माणूस हाय मी. पोट असणारच की."

"चरबी म्हणजे नुसती साठवण नसती पप्पा. आम्हाला कॉलेजातले सर सांगत होते, दोनतीन वर्षांमागं नवा शोध लागलाय. ही चरबी रक्तात रस सोडती. एकाचं नाव लेप्टिन. ती मेंदूशी बोलती, नसांशी बोलती. पोटातली चरबी जास्त झाली की हृदयाला धोका असतो."

मी थक्क झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की मी बोलते! त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली. ती माझी वैरीण होती, मला कमी करायला निघाली होती, तरीसुद्धा.

सर हसले. "मंजे माझं पोट बोलतंय म्हण की. काय म्हणतंय, चहा टाका म्हणतंय का?" पुतळाबाईही हसली आणि तिनं खरोखरच चहा टाकला. पण अंजली हटली नाही. ती सरांना बारामतीला डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी तेच सांगितलं. वजन उतरवा, रोज चाला, साखर तोडा, गोळी चुकवू नका. सरांनी मनावर घेतलं होतं. मला कळतं ते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ते कालव्याच्या कडेनं चालूनही आले.

आणि त्याच आठवड्यात रविंद्र घरी आला.

रविंद्र म्हणजे गावातल्या चौदा एप्रिलच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष, सरांचा जुना विद्यार्थी, उत्साहाचा नुसता फुगा. "सर, औंदाच्या जयंतीला तुमची तुला करायची ठरलीय. तुमाला पन्नास पुरी होत्यात. वह्यांनी तुला! एका पारड्यात तुमी, दुसऱ्यात वह्या. सगळ्या वह्या वसतिगृहाच्या पोरींना."

सर संकोचले. "अरे, माझी कसली तुला करताय?"

"आता न्हाय म्हणू नका सर. घरटी वह्या द्यायचं ठरलंय. दत्तोबा आणि त्यांची भावकीबी देणार हाय. तुमी फकस्त शंभर किलो भरा, बास! शंभराच्या आत आमी ऐकणार न्हाय!"

सगळे हसले. ती गंमतच होती, पण ती गंमत सरांच्या मनात रुतली. ते पोरींच्या वह्यांचा हिशेब मनातल्या मनात करायला लागले. एक किलो म्हणजे किती वह्या, दहा किलो म्हणजे किती. वजन उतरवलं तर तेवढ्या वह्या पोरींच्या हातून जाणार! असा विचार करणारा माणूस तुम्हाला दुसरीकडं भेटायचा नाही. लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं, "जयंती होऊ दे. मग लागतो मागं." ती चिडली, भांडली. पण सोलापूर लांब होतं.

कालव्याकडचं चालणं बंद झालं. गावाला तर निमित्तच मिळालं. ज्याच्या त्याच्या घरी "सर, अजून एक घ्या, वजन भरायचंय," म्हणत ताटात पडायला लागलं. दत्तोबांची बायको प्रयागबाई हिनं डब्बाभर डिंकाचे लाडू पाठवले. कौतुकानं खाऊ घालत होती सगळी माणसं, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मीच कावरीबावरी झाले होते. इतकं साठवून मी ठेवू कुठं? यकृतावर गेले, नसांना लागून बसले, आणि काळजाभोवतीही माझा थर चढला. मेंदूला निरोपावर निरोप, तो ढिम्म. भांडखोरांना तर रान मोकळंच.

संक्रांतीनंतर एकदा सर इंदापूरच्या एसटी स्टँडवर गाडी धरायला धावले. चार पावलं टाकली आणि छातीवर कुणी जातं ठेवल्यागत झालं. डावा हात खांद्यापासून भरून आला. ते खांबाला धरून उभे राहिले. मला आतून दिसत होतं, काळजाच्या एका नसेत वाट इतकी अरुंद झाली होती की रक्त कसंबसं सरकत होतं. थोड्या वेळानं ओसरलं. सरांनी घाम पुसला आणि गाड्यावर जाऊन सोडा प्याला. "पित्त झालंय," असं सोडेवाल्याला म्हणाले. त्याला काय कळणार?

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पुतळाबाईला सांगितलं तर ती अंजलीला कळवणार, अंजली येऊन दवाखान्यात घालणार, आणि तुलेचं सगळं फिसकटणार. इतक्या घरांनी वह्या आणून ठेवल्यात, आता माघार घ्यायची कशी? म्हणून गप्प. त्यानंतर दोनदा तसंच झालं, एकदा शाळेच्या जिन्यावर, एकदा विहिरीवर. दर वेळी मी घाबरून जायची. मला हातपाय असते ना, तर बाहेर येऊन मीच पुतळाबाईचा पदर ओढला असता.

जयंतीचा दिवस उजाडला. समाजमंदिरापुढं मांडव होता, निळ्या पताका होत्या. आडत्याकडचा मोठा तराजू आणून तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगला होता. सर पांढऱ्या कपड्यात पारड्यावर मांडी घालून बसले. समोरच्या पारड्यात वह्यांचे गठ्ठे पडायला लागले. गठ्ठा पडला की टाळी, गठ्ठा पडला की टाळी. रविंद्र लाउडस्पीकरवर ओरडत होता. वसतिगृहाच्या पोरी पुढं बसल्या होत्या, माना वर करून बघत होत्या. साखरबाई नव्हती हे बघायला, ती दोन वर्षांमागं वारली. सरांचे डोळे भरून आले होते.

आणि मी? खरं सांगते, मला अभिमानही वाटला. त्या गठ्ठ्यांतला बराच भार माझा होता की! लोकांनी टाळ्या माझ्यासाठी वाजवल्या नाहीत, पण पारडं माझ्यामुळंच जड होतं. तो अभिमान फार वेळ टिकला नाही. काटा मधोमध आला, जयजयकार झाला, सर खाली उतरले. सगळं नीट पार पडलं. पुतळाबाईनं हात जोडले.

दुपारी वह्या टेम्पोत घालून इंदापूरला वसतिगृहावर नेल्या. पोरी गठ्ठे उचलून आत नेत होत्या. सरांना राहवलं नाही. एक गठ्ठा त्यांनी खांद्यावर घेतला. जेवण जड झालेलं, ऊन एप्रिलचं. चौथ्या पायरीवर गठ्ठा निसटला आणि वह्या पायऱ्यांवरून खाली घरंगळल्या. सर पायरीवर बसले. मग कलंडले.

काळजाच्या त्या अरुंद नसेच्या भिंतीला तडा गेला होता आणि तिथं रक्त गोठायला लागलं होतं. गोठ, गोठ म्हणणारे माझेच निरोप होते ते. मला ते परत बोलावता आले नाहीत.

दत्तोबा तिथंच होते. त्यांनी सरांना आपल्या जीपमध्ये मागं आडवं घातलं आणि गाडी बारामतीच्या वाटेला लावली. वह्यांबरोबर आलेली पुतळाबाई सरांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "अवो, डोळं उघडा. उघडा डोळं. मला सोडून जायचं न्हाय," एवढंच ती सारखं म्हणत होती. दत्तोबा हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

सर वाचले. वेळेवर पोचले म्हणून वाचले. डॉक्टरांनी काळजाचा तुकडा दुखावलाय असं सांगितलं, उरलेला सांभाळा म्हणाले. अंजली सोलापूरहून आली ती थेट खाटेपाशी. सरांनी तिला एसटी स्टँडवरची गोष्ट सांगून टाकली. कळा येतात हे आपल्याला ठाऊक होतं, असं म्हणाले.

त्या पोरीनं त्यांच्या नाडीवर बोटं ठेवली. मग म्हणाली, "पप्पा, मी डॉक्टर व्हायला गेले ते तुमच्यासाठीच ना? आणि तुमी माझ्यापासनंच लपवलं?" तिनं त्यांचा हात खाली ठेवला. "त्या पोरींना वह्या मिळाल्या. मला काय मिळणार होतं?"

सरांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांचा हुंदका मला आत जाणवला. माझे सगळे थर हलले.

तिथून मला उतरती कळा लागली. सर पहाटे कालव्याच्या कडेनं चालायचे, आधी विजेच्या खांबापर्यंत, मग पुलापर्यंत, मग पुलाच्या पलीकडं. ताटात एक भाकरी, उसळ, पालेभाजी. तूप बंद, साखर बंद. सगळ्यात अवघड गेला तो चहा. दत्तोबांच्या घरी सरांनी अगदी लाजत म्हटलं, "वैनी, बिनसाखरेचा द्या." प्रयागबाईचा चेहरा पडला. "असला फिका चहा आमी माणसाला देत न्हाय गुरुजी." सरांनी तो फिका चहा पुरा प्याला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि "झ्याक झाला हुता," म्हणाले. त्या दिवशी मला सरांचा फार अभिमान वाटला.

मी वितळत गेले तशी आतली दाटी कमी झाली. भांडखोरांचे आवाज बसले. तो माझा गुणी निरोप, आटून गेलेला, पुन्हा पाझरायला लागला. नसांची सूज उतरली. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही, ती मी सांगते. मी कमी झाले तसे माझे मेंदूला जाणारे निरोपही कमी झाले. मेंदूला वाटलं, कोठार रिकामं झालं, बहात्तर साल आलं! त्यानं भुकेची बोंब ठोकली. सर ताटावरून उठायचे ते अर्धपोटीच उठायचे. रात्रंदिवस त्यांना खाणंच दिसायचं. लोकांना वाटतं, वजन उतरवणं म्हणजे मनाचा निग्रह केला की झालं. आत काय झोंबाझोंबी चालते ते मी पाहिलंय. आणि माझ्या पेशी मरत नाहीत बरं का, नुसत्या रिकाम्या होतात. आ वासून बसून राहतात. म्हणून म्हणते, बारीक झालेल्या माणसाला शाबासकी द्या आणि जाडाला हसू नका. दोघांच्याही आत माझ्यासारखी एक बसलेली आहे, आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नाही.

गावात वेगळंच सुरू झालं. सर वाळले, सरांना मोठा आजार आहे, डॉक्टरांनी आशा सोडली, असं लोक कुजबुजत बोलायचे. सफारी अंगावर लोंबायचा. ज्या चावडीवरून सर छाती काढून जायचे तिथून आता मान खाली घालून जायला लागले. त्यांना मी हवीहवीशी वाटू लागले होते. खोटं कशाला बोलू, मलाही परत यायचं होतं.

अशात एका संध्याकाळी रविंद्र आणि दत्तोबा घरी आले. वसतिगृहाला आणखी पोरी आल्या होत्या, वह्या पुरत नव्हत्या.

"गुरुजी," दत्तोबा म्हणाले, "औंदा कळंबला तुला करू. आमच्या लोकांची लई इच्छा हाय. आता तुमची तब्येत बरी हाय. थोडं अंग धरा परत, मंजे कसं, पारडंबी शोभंल."

"लोकांच्या तोंडालाबी कुलूप बसंल सर," रविंद्र म्हणाला. "कायबाय बोलत्यात."

मला आतून कळत होतं, सरांचं मन हो म्हणायला आलं होतं. पोरींच्या वह्या, लोकांच्या टाळ्या, ताठ मान, आणि पोटभर जेवण. माझ्या रिकाम्या पेशी खुळ्यासारख्या आशेला लागल्या. काळीज मात्र धडधडायला लागलं.

पुतळाबाई चहाचे कप घेऊन आली होती. ती दारातच थांबली. ती चारचौघांत कधी बोलायची नाही.

"भावजी, पोरींना वह्या द्यायच्या हायत न्हवं?"

"व्हय वैनी."

"मग द्या की. ह्यांना कशाला तोलता?"

दत्तोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रविंद्र कपातल्या चहाकडं बघत राहिला.

"मी तेवढं एकदा बघितलं," ती म्हणाली. "तिकडं वह्या चढत हुत्या आन हिकडं ह्यांच्या कपाळाला घाम फुटत हुता. म्या हात जोडून बघत बसले. पुन्यांदा न्हाय बघायची."

"चुकलं वैनी," दत्तोबा म्हणाले. "वह्या येतील. पर तुला करायची न्हाय." सर तेव्हा बोलले. "मी तुमच्यासंगट दारोदार फिरतो. तोलून न्हाय, मागून आणू," एवढंच म्हणाले.

पाहुणे गेले. दिवेलागणीला सर जेवायला बसले. भाकरी, मटकीची उसळ, कांदा. मेंदू माझ्या नावानं टाहो फोडत होताच. भाकरी संपली, तसे त्यांचे डोळे सवयीनं दुरडीकडं गेले. दुरडीत एकच भाकरी होती.

"आज दोनच केल्या व्हय?"

"रोज दोनच करते."

"मग तू किती खाती?"

पुतळाबाई तव्यावरची राख झटकल्यासारखं करत राहिली. "तुमच्याइतकंच."

"कवापासनं?"

"दवाखान्यातनं आलाव तवापासनं. तुमी अर्धपोटी उठायचं आन म्या पोटभर खायचं, ते माझ्या घशाखाली उतरंल का?"

सरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडं सरकल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. अख्खं गाव 'सर वाळले' म्हणत होतं आणि ती रोज त्यांच्यासमोर बसून वाळत होती. तिच्या अंगावर उतरवण्यासारखी माझी बहीण कधी नव्हतीच. जी चिमूटभर होती तीही तिनं जाळून टाकली होती. मेंदूची ती भुकेची बोंब तिनं सरांएवढीच ऐकली असणार आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. मी सगळं साठवून ठेवणारी, पण हे मला ठाऊक नव्हतं.

सर उठले. पिठाचा डबा खाली घेतला, परात पुढं ओढली.

"अवो, काय करता?"

"बस तू. ती भाकरी घे आन बस. अजून एक करतो."

"तुमाला येती का?"

"आली न्हाय तर तू सांग."

आता मी फार थोडी उरलेय आणि माझं बोलणंही संपत आलंय. तुम्ही मला उतरवा, जाळा, माझी हरकत नाही. पण तुमच्या घरात कुणी न बोलता तुमच्याबरोबर उपाशी राहत असेल, तर त्या माणसाला जेवायला बसवा.

सरांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकताना मधोमध चिरली. पुतळाबाई हसली, मग तिनं पहिला घास घेतला आणि ती रडायला लागली. सरांना ते दिसलं नाही. ते भाकरी उलटायच्या नादात होते.